"इंजिन बंद पडलं अन् विमान पडलं" एवढंच असतं का? गोंदिया पट्ट्यातल्या छोट्या विमानांबद्दल

बांधीकाठ (आमगाव तालुका)

गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवरून उडणारी प्रशिक्षणाची विमानं आमच्या शिवारावर दिवसभर फिरत असतात. या पट्ट्यात दोन जीवघेणे अपघात झाले आहेत. २६ एप्रिल २०१७ ला दोन इंजिनांचं डीए-४२ वैनगंगेच्या पात्रात पडलं. १८ मार्च २०२३ ला बालाघाट जिल्ह्यातल्या लांजी-किरणापूरकडच्या डोंगरात दुसरं कोसळलं. दोन्ही वेळी प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी, दोघांचाही जीव गेला.

दरवेळी पारावर कारण एकच सांगितलं जातं, "इंजिन बंद पडलं." मला ते पटत नाही. इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं का? तसं नसेल तर माणसं मरतात कशानं? आणि मुख्य म्हणजे विमान कुणाच्या वावरात पडलं तर पहिल्या अर्ध्या तासात गावानं काय करावं, काय करू नये? पोलीस यायला वेळ लागतो, तोवर गावच तिथं असतं. ग्रामसभेत हा विषय ठेवायचा आहे. जाणकारांनी नीट आकड्यांसह सांगावं.

---

एलेरॉन

भाऊ, प्रश्न अगदी योग्य जागी विचारला. आधी इंजिनाचं बघू.

इंजिन बंद पडलेलं विमान पडत नाही, ते घसरत उतरतं. विमानाला वर धरतो तो पंख. इंजिन फक्त पुढं ओढतं. सेस्ना १७२ हे जगात सगळ्यात जास्त बनलेलं चार आसनी विमान घ्या. इंजिन बंद असताना त्याचा वेग ताशी ६८ नॉट, म्हणजे साधारण १२६ किलोमीटर ठेवला, तर दर हजार फूट उंचीमागं ते जवळपास पावणेतीन किलोमीटर पुढं जातं. जमिनीपासून तीन हजार फुटांवर इंजिन गेलं तर वैमानिकाच्या हाती चार मिनिटांच्या आसपास वेळ आणि आठेक किलोमीटरचा पल्ला असतो. तेवढ्यात उन्हाळी रिकामं वावर सापडतं.

जीव जातो तो बहुतेकदा वेग घालवल्यानं. हे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्या विषयाचं मूळ इथं आहे.

पंखावरून वारा चिकटून वाहतो तोवरच पंख उचलतो. नाक जास्त वर केलं आणि पंख व वारा यांच्यातला कोन साधारण १५-१६ अंशांच्या पुढं गेला, की वारा पंखाच्या पाठीवरून सुटतो आणि उचल एकदम गळते. याला स्टॉल म्हणतात. मोटारीचं इंजिन 'स्टॉल' होतं त्याच्याशी याचा काहीही संबंध नाही. इंजिन पूर्ण जोरात चालू असतानाही पंख स्टॉल होतो. सेस्ना १७२ च्या नव्या मॉडेलात फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या खाली उतरणाऱ्या फळ्या) वर असताना, सरळ उडताना, हा वेग सुमारे ४८ नॉट आहे.

आता वळण घ्या. विमान वळतं ते एका अंगावर कलून. कललं की पंखावर भार वाढतो आणि स्टॉलचा वेगही वाढतो. उंची राखून ३० अंश कललं तर ४८ चे ५२ होतात, ४५ अंशाला ५७ आणि ६० अंशाला ६८. वर इंजिन बंद असताना ठेवायचा वेग किती सांगितला? तोच ६८. म्हणजे इंजिन गेल्यावर घाबरून कुणी ६० अंश कलवून उंची धरून विमान वळवलं, तर ज्या वेगानं तो सुखरूप उतरला असता त्याच वेगावर पंख सुटतो.

याची सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे उतरण्याआधीचं शेवटचं वळण. धावपट्टीला काटकोनात येऊन तिच्या रेषेत वळायचं असतं. पाठीमागून वारा असेल तर विमान रेषा ओलांडून पुढं जातं. वैमानिकाला वाटतं, जास्त कलवू नये, म्हणून तो आतल्या बाजूचा रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू) पायानं दाबून नाक ओढून आणतो. त्यात नाक खाली जायला लागतं म्हणून विमान चालवायची कांडी मागं खेचतो. अशा वेळी आतला पंख आधी सुटतो, विमान त्या अंगावर उलटतं आणि गरगरत खाली जातं. उंची असते चार-पाचशे फूट. एक गिरकी आणि त्यातून सावरणं याला साधारण हजार फूट लागतात. बाकीचं सांगायला नको.

दुसरी जागा उड्डाणानंतरची. तीन-चारशे फुटांवर इंजिन गेलं तर मागं वळून धावपट्टीवर यायचं नाही, समोर थोडं डावं-उजवं बघून जे वावर मिळेल त्यात उतरायचं, हे पहिल्या दिवसापासून शिकवतात. मागं वळायला १८० अंश पुरत नाहीत. वळण घेतलेलं असल्यानं विमान धावपट्टीच्या बाजूला असतं, म्हणून दोनशेच्या वर अंश वळून पुन्हा उलटं सरळ करावं लागतं. उंची तेवढी उरत नाही. तरीही पाठीमागची पक्की धावपट्टी माणसाला ओढते. पुष्कळ जीव या ओढीपायी गेले आहेत.

वावरात उतरणं वाटतं तेवढं जीवघेणं नाही, फक्त वेग कमी आणि पंख सपाट हवेत. ९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट) इतक्या मंदावण्याला ताशी ८० किलोमीटरवरून थांबायला तीन मीटरसुद्धा लागत नाहीत. ताशी १६० वरून सव्वाअकरा मीटर लागतात. वेग दुप्पट, अंतर चौपट. कापलेलं सोयाबीनचं रान सगळ्यात बरं. पऱ्हाटी असेल तर तासांच्या दिशेनं उतरायचं, आडवं नाही. आपल्याकडच्या धानाच्या बांध्यांत अडचण धुऱ्याची आहे: दीड फुटाचा धुरा वरून दिसत नाही आणि पुढचं चाक त्यात अडकलं की विमान पालथं पडतं. त्यामुळं बांधीत उतरलेलं विमान उलटं सापडलं तर 'वरून उलटं पडलं' असा अर्थ लगेच काढू नये.

डीए-४२ ची गोष्ट वेगळी. दोन इंजिनं म्हणजे दुप्पट सुरक्षितता, असं सरळ गणित नाही. एक बंद पडलं आणि दुसरं पूर्ण जोरात असलं तर विमान बंद बाजूला वळू पाहतं. ते रडरनं रोखावं लागतं आणि रडरला जोर येतो तो वेगानं. वेगमापकावर यासाठी लाल रेघ असते. तिच्या खाली वेग गेला की रडर पुरत नाही आणि विमान पलटी खातं. निळी रेघ म्हणजे एका इंजिनावर सगळ्यात चांगलं चढण्याचा वेग.

---

लाईनवरचा (भंडारा)

२०१७ च्या अपघाताबद्दल एक गोष्ट नमूद करतो. ते विमान इंजिनामुळं पडलं नाही. नदीचं पाणी मोजण्यासाठी पात्रावर आडवा लोखंडी दोर ओढलेला होता, त्याला ते धडकलं. नदीवर खाली उडणं मोहाचं असतं, खाली सपाट पाणी आणि समोर मोकळं पात्र. पण नदी ओलांडणाऱ्या तारांना मधे खांब नसतो. एका काठाच्या झाडीतून निघून दुसऱ्या काठाच्या झाडीत जाणारी तार दिसणार कशी?

उंचावरून तार सहसा दिसत नाही, हे गावकऱ्यांनी लक्षात घ्यावं. डोळ्याला दिसतो तो खांब किंवा टॉवर, तार आपण मनानं जोडतो. चारशे केव्हीच्या मोठ्या टॉवर लाईनवर तर आणखी एक फसवणूक आहे. खालच्या जाड तारा दिसतात आणि वैमानिक त्यांच्यावरून जाण्यापुरता वर उचलतो. पण टॉवरच्या टोकावरून वीज पडण्यापासून बचावाची बारीक अर्थ वायर गेलेली असते. धडक तिच्याशी होते. म्हणून शिकवताना सांगतात की लाईन ओलांडायची ती टॉवरच्या डोक्यावरून, दोन टॉवरच्या मधून नाही. टॉवर दिसतो म्हणजे सगळ्यात वरची तार कुठं आहे ते कळतं.

नदी ओलांडणाऱ्या लाईनवर केशरी-पांढरे मोठे गोळे लावतात ते यासाठीच. तुमच्या शिवारात नदी, कालवा किंवा मामा तलाव ओलांडणारी जुनी तार, बंद पडलेला रोपवे, वापरात नसलेला दोर असेल तर ग्रामपंचायतीनं लेखी कळवावं. तार कुठून कुठं जाते, अंदाजे उंची किती, दोन्ही टोकांचं मोबाईलवरचं लोकेशन, एवढं एका कागदावर पुरे. प्रत तहसीलला आणि धावपट्टीच्या कार्यालयाला.

आणि विमान तारा तोडून पडलं असेल तर धावत जाऊ नका. ११ केव्हीची तुटलेली तार ठिणगी न उडवताही जिवंत असू शकते. ओल्या बांधीत तारेभोवतीच्या जमिनीतही विजेचा दाब उतरलेला असतो, तिथं लांब पाऊल टाकलं की दोन पायांमधून प्रवाह जातो. उपकेंद्राला फोन करून फीडर बंद झाल्याची खात्री होईपर्यंत निदान दहा मीटर लांब. अडकलात तर पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता घासत मागं या.

---

मृगनक्षत्र

हवामानावर कुणी बोललं नाही. विदर्भात तेच मोठं आहे.

बिरसीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फूट. त्या उंचीला प्रमाण तापमान धरतात १३ अंश. मे महिन्यात दुपारी ४५ असेल तर फरक ३२ अंशांचा. दर अंशाला साधारण १२० फूट या हिशोबानं ३,८४० फूट वाढतात. म्हणजे विमानाच्या दृष्टीनं ते ४,८०० फुटांवर उभं आहे. चिखलदऱ्यापेक्षाही वरची हवा! सेस्ना १७२ समुद्रसपाटीला मिनिटाला ७३० फूट चढतं, ते इथं पाचशेच्या आसपास येतं. धावपट्टीही जास्त लागते. पंखाला हवा विरळ, पंख्याला (प्रोपेलरला) विरळ आणि इंजिनालाही विरळ, तिन्हीकडून मार. त्यात चार माणसं आणि टाक्या भरलेल्या असल्या तर सकाळी सहाला सहज उडालेलं विमान दुपारी दोनला झाडं ओलांडेलच असं नाही. म्हणून उन्हाळ्यात उड्डाणं भल्या सकाळी करणं हेच शहाणपणाचं.

मृगाच्या आधीची वादळं आणि मार्च-एप्रिलमधली गारपीट. काळ्या ढगाखालून थंड हवेचा लोंढा सरळ खाली येतो आणि जमिनीवर आपटून चहूकडं पसरतो. उतरणाऱ्या विमानाला आधी समोरून वारा लागतो, वेगमापक वर जातो, वैमानिक ताकद कमी करतो. काही सेकंदांत तोच वारा पाठीमागून येतो आणि वेग एकदम गळतो. हा प्रकार चार किलोमीटरपेक्षा लहान जागेत, पाच ते पंधरा मिनिटांत आटोपतो. जोरदार गडगडाटी ढगापासून वीस मैल लांब राहायचं, हा नियम त्यासाठी आहे. पाऊस ढगाखालीच असतो, धक्का पुढं पसरतो.

डिसेंबर-जानेवारीत गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांवरून उठणारी धुई, आणि धान निघाल्यावर तनस जाळलेल्याचा धूर. यात क्षितिज हरवतं. क्षितिज हरवलं की माणसाचा आतला कान फसवतो. कानातल्या नळ्यांतलं पाणी हळू वळण ओळखतच नाही. विमान अलगद एका बाजूला कलत जातं आणि बसलेल्याला वाटतं आपण सरळ आहोत. नाक खाली जातं, वेग वाढतो, तो कांडी मागं ओढतो. पण विमान कललेलं असल्यानं वर जाण्याऐवजी वळण आणखी आवळतं. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठानं, उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या २० जणांवर चाचणी केली. बाहेरचं दिसणं बंद केल्यावर विसांपैकी विसांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंही नाहीत. १६ जुलै १९९९ ला जॉन एफ. केनेडी धाकटे स्वतः चालवत असलेलं पायपर साराटोगा रात्री धुरकट हवेत समुद्रात गेलं, त्याचंही कारण हेच निघालं. इंजिन चालू होतं.

आणि पावसाळ्याचं एक. जुन्या, कार्बुरेटरच्या इंजिनात बाहेर २५ अंश असतानाही बर्फ होतो. पेट्रोल उडताना आणि अरुंद नळीतून हवा जाताना आतलं तापमान वीस अंश किंवा त्याहूनही जास्त उतरतं. हवा दमट असली की आत बर्फ धरतो आणि ताकद हळूहळू कमी होते. उपाय म्हणजे कार्ब हीटची (कार्बुरेटरला गरम हवा देणारी) कांडी पूर्ण ओढणं. ओढल्यावर वितळलेलं पाणी इंजिनात जाऊन ते आधी जास्त अडखळतं. घाबरून कांडी परत ढकलली की काम बिघडतं. फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात हा त्रास नाही.

---

तुरीचंशेत

इंजिन खरंच बंद पडतं तेव्हा बहुतेक कशानं पडतं? आणि या विमानांत ब्लॅक बॉक्स असतो का?

---

मॅग्नेटो

इंधनानं. इंजिन तुटणं त्यामानानं कमी. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि दोन वेगळे मॅग्नेटो (स्वतःच वीज तयार करून ठिणगी देणारी यंत्रं) असतात, बॅटरी मेली तरी ठिणगी चालू राहते. उड्डाणाआधी मिनिटाला १,८०० फेऱ्यांवर एकेक मॅग्नेटो बंद करून बघतात. १७२ च्या नव्या मॉडेलात फेऱ्या दीडशेपेक्षा जास्त पडल्या किंवा दोघांत ५० पेक्षा जास्त फरक आला तर उडायचं नाही.

इंधनात तीन गोष्टी बिघडतात: संपणं, पाणी, आणि चुकीचं भरणं. काटा विश्वासाचा नसतो. टाकीत मोजपट्टी बुडवून बघावंच लागतं. १७२ मध्ये वापरण्याजोगं सुमारे २०० लिटर मावतं आणि ताशी तीस-पस्तीस लिटर जातं, म्हणजे हिशोब सोपा आहे, तरी लोक काट्यावर भरवसा ठेवतात.

पाणी हे पावसाळ्यातलं दुखणं. पंखावरच्या टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालं की रात्रभराचा पाऊस आत झिरपतो. पाणी जड म्हणून तळाला बसतं. नव्या १७२ ला निचरा काढायच्या तेरा जागा आहेत, प्रत्येक पंखाला पाच आणि इंजिनाखाली तीन. पारदर्शक कपात थोडं काढून बघायचं. विमानाचं पेट्रोल निळसर असतं, पाणी खाली मण्यासारखं वेगळं दिसतं. इथं नवखा माणूस एका ठिकाणी चुकतो: कपभर सगळं पाणीच आलं तर दोन थर दिसत नाहीत, सगळं एकसारखं स्वच्छ दिसतं. निळा रंग दिसलाच पाहिजे. नाही दिसला तर ते पेट्रोल नाही.

चुकीचं इंधन म्हणजे पेट्रोलच्या इंजिनात जेट ए-१ (रॉकेलच्या जातीचं जेट इंधन). डीए-४२ ची डिझेल जातीची इंजिनं जेट ए-१ वर चालतात, शेजारी उभं दुसरं विमान पेट्रोलवर. एकाच धावपट्टीवर दोन्ही आली की टाकीजवळचं लेबल मोठ्यानं वाचूनच नळी लावायची. शंका आली तर कागदावर थेंब टाका. पेट्रोल उडून जातं, जेट इंधनाचा तेलकट डाग राहतो.

इंधन असूनही इंजिन थांबतं ते टाकी बदलण्याच्या खटक्यामुळं. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियात गेले तो अपघात याचाच. त्यांच्या लाँग-ईझी विमानात टाकी बदलायचा दांडा वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागं बसवलेला होता. तो फिरवायला उजवा हात कांडीवरून काढून मागं वळावं लागायचं, आणि वळताना उजवा पाय रडरवर दाबला जायचा. विमान तसंच समुद्रात गेलं. दांडा कुठं बसवला एवढ्यावर जीव जातो.

आणखी दोन बारकावे. वेग मोजणाऱ्या नळीत कुंभारीण माती भरून घर करते, म्हणून उभ्या विमानाच्या नळीला लाल फितीचं टोपण घालतात. दुरुस्तीनंतर एलेरॉनच्या (पंखाच्या टोकाकडची, विमान कलवणारी फळी) तारा उलट जोडल्या गेल्याचे अपघात झाले आहेत. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं तरी वैमानिकानं कांडी डावीकडं करून डावं एलेरॉन वर गेलेलं डोळ्यांनी बघायचं. मूठ धरून अंगठा वर ठेवला की तो उचललेल्या एलेरॉनकडं बोट करतो, ही खूण लक्षात राहते.

थंडीतला एक धोका दिसत नाही. बऱ्याच छोट्या विमानांत केबिनचा हीटर इंजिनाच्या धुराड्यावरून गरम हवा घेतो. धुराड्याला तडा गेला तर कार्बन मोनॉक्साईड आत येतो. २१ जानेवारी २०१९ ला फुटबॉलपटू एमिलियानो साला यांचं पायपर मालिबू इंग्लिश खाडीत पडलं. त्यांच्या रक्तातलं ५८ टक्के हिमोग्लोबिन या वायूनं अडवलेलं सापडलं.

ब्लॅक बॉक्स: सहसा नाही. पण काट्यांऐवजी संगणकी पडदे असलेल्या विमानात मेमरी कार्ड असतं, डिझेल इंजिनाच्या कंट्रोल युनिटमध्ये नोंद राहते, आतल्या माणसांचे मोबाईल असतात. म्हणून अपघाताच्या जागेवरचा कुठलाही छोटा तुकडा खिशात घालू नका.

---

पंचनामा

आता मूळ प्रश्नाचा दुसरा भाग. गावाच्या कामाचं हेच आहे.

पहिला फोन ११२, दुसरा १०८. सांगताना गावाचं नाव पुरत नाही. शिवाराचं नाव, कोणत्या पांदणीनं गाडी शेवटपर्यंत येते, मधे नाला आहे का, हे सांगा आणि एक माणूस डांबरी रस्त्यावर उभा करा. बिरसीच्या धावपट्टीला पोलीस कळवतातच, पण पोलीस पाटलांकडं तो नंबर आधीपासून लिहिलेला असावा.

जवळ जाताना वारा पाठीशी ठेवून जा. बिडी, काडी, मोटारसायकल, सगळं लांब. पंख्याला हात लावू नका. मॅग्नेटोची बंद करणारी तार तुटली असेल तर थांबलेला पंखा नुसता हलवला तरी इंजिन एक उसळी घेऊ शकतं. काही विमानांत आख्खं विमान उतरवणारं पॅराशूट असतं आणि ते रॉकेटनं उडतं. बाहेर त्रिकोणी इशाऱ्याचं चिन्ह दिसलं की त्या जागेच्या समोर उभं राहायचं नाही.

डीए-४० आणि डीए-४२ धातूची नाहीत, तंतूंच्या थरांची आहेत. जळाल्यावर त्याचे बारीक काटे हवेत उडतात, कातडीत आणि फुप्फुसात जातात. तोंडावर ओला दुपट्टा, अंगात पूर्ण बाह्या.

माणूस जिवंत असेल आणि आग नसेल तर ओढून काढू नका, मान धरून ठेवा आणि बोलत राहा. आग असेल तर ओढाच. मान मोडण्याची भीती तेव्हा दुय्यम. पट्टा सुटत नसेल तर विळ्यानं कापा. विमान पालथं असेल तर माणूस पट्ट्यावर उलटा लटकलेला असतो. आधी दोघांनी खांदे आणि डोकं तोलून धरायचं, मग कापायचं. नाहीतर अपघातात वाचलेला माणूस डोक्यावर पडून मान मोडून घेईल. ही चूक फार सहज होते.

माणसं निघाली की तिथून सगळे मागं. कायद्यानं अवशेष हलवता येत नाहीत. माणूस-जनावर काढायला किंवा आग विझवायला हलवावं लागलं तर हलवण्याआधी फोटो काढा. दोरी बांधून निदान शंभर पावलांवर गर्दी थांबवा.

तपास केंद्राचा विमान अपघात तपास ब्युरो (एएआयबी) करतो. आंतरराष्ट्रीय नियमानुसार प्राथमिक अहवाल तीस दिवसांत आणि अंतिम शक्यतो बारा महिन्यांत. कारण शोधणं हे त्यांचं काम, शिक्षा देणं नाही. त्यांना वावरातून काय वाचता येतं ते सांगतो, म्हणजे काय जपायचं ते कळेल.

पंख्याची पाती एस आकारात पिळलेली आणि टोकं ओरखडलेली असतील तर आदळताना इंजिन ताकद देत होतं. एकच पातं मागं वाकलेलं आणि बाकीची सरळ, तर बहुधा नव्हतं. धातूच्या पात्याला हे लागू. लाकडाची पाती ताकद असताना बुडापाशी तुकडे होऊन उडतात. सगळा सांगाडा एका खड्ड्यात, पुढंमागं ओरखडे नाहीत, तर विमान गरगरत सरळ खाली आलं. लांबवर पट्टा ओढलेला, तर सपाट आणि वेगात आलं. डाव्या पंखाच्या टोकाला लाल काच असते, उजव्याला हिरवी. मातीत पहिल्यांदा लाल काच सापडली तर डावा पंख आधी टेकला. म्हणून काचेचा कण उचलायचा नाही, तिथंच काडी रोवून ठेवायची.

आणि पीक. धानावर, तुरीवर इंधन उडालं असेल तर पानं काही दिवसांत करपतात. करपा कुठवर गेला यावरून टाकीत इंधन किती होतं, कुठून फुटलं, याचा अंदाज येतो. तेव्हा तपास होईपर्यंत ते पीक कापू नका, नांगरू नका. रोज एकाच जागेवरून फोटो काढा. नुकसानीच्या पंचनाम्यालाही तेच फोटो कामी येतात.

साक्षीदारांनी एकमेकांशी बोलण्याआधी आपापलं लिहून ठेवावं. आवाज कसा होता, एकसारखा, फटफट, की एकदम वाढून थांबला? विमान कोणत्या धुऱ्यावरून आलं, कोणत्या अंगावर कललं होतं? पंखा फिरताना दिसला का? "इंजिन बंद पडलं" असं लिहू नका, ते अनुमान झालं. "आवाज थांबला आणि मग बारा-पंधरा सेकंदांनी धूर दिसला" असं लिहा.

---

बांधीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. हे छापून पोलीस पाटील आणि शाळेत देतो. एक राहिलं: आमच्या गावची मेलेली ढोरं टाकायची जागा धावपट्टीपासून पाच-सहा किलोमीटरवर आहे, तिथं घारी-कावळे कायम फिरतात. त्याचा काही संबंध?

---

एलेरॉन

थेट संबंध आहे. १९३७ च्या विमान नियमांतला ९१ वा नियम धावपट्टीच्या दहा किलोमीटरच्या आत पक्षी येतील अशा तऱ्हेनं उघड्यावर कत्तल करणं, घाण किंवा कचरा टाकणं मना करतो. घार उन्हाच्या चढत्या हवेवर गोल फिरत वर जाते, त्याच उंचीवर प्रशिक्षणाची विमानं फिरतात. समोर विमान आलं की घार बहुधा पंख मिटून खाली सूर मारते, म्हणून वैमानिकाला वर उचलायला शिकवतात. काचेतून आत आलेल्या एका घारीनं वैमानिक बेशुद्ध होऊ शकतो.

ढोर खोल पुरायचं, चुना टाकून वर निदान तीन-चार फूट माती, कुत्री उकरणार नाहीत अशी. ग्रामसभेच्या ठरावात जागेचा गट नंबर घाला आणि खड्डा खणायला जेसीबीचा खर्च कोणत्या निधीतून करायचा तेही त्याच बैठकीत ठरवा. आणि फवारणीचा ड्रोन असलेल्या शेतकऱ्यांना सांगा, उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर आपलं वावर कोणत्या रंगाच्या पट्ट्यात येतं ते बघावं. लाल असेल तर परवानगीशिवाय उडवायचा नाही.